लेकीचं इंजिनिअरिंग आणि आजोबांच्या घराचे कागद

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. लेक सीबीएसई बारावीला ९१ टक्के मिळवून पास झाली. जेईई मेनमध्ये रँक १ लाख १० हजारच्या आसपास. पुण्याच्या एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटरला जागा मिळतेय. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला ५ लाख, म्हणजे चार वर्षांचे २० लाख. इंदुरात सरकारी मदतीवर चालणाऱ्या कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळू शकतं. यजमानांचं स्टेशनरीचं दुकान आहे, घरचं सगळं मिळून रिटर्नमधलं उत्पन्न ५ लाख २० हजार. ६ लाखांची एफडी, सुकन्या खात्यात ४ लाख, आणि ओढाताण करून महिन्याला १० हजार बाजूला पडतात. घर सासऱ्यांच्या नावावर. बँक म्हणते घर तारण ठेवा, १५ लाख देतो. घ्यावेत का?

ताई, मी सरकारी बँकेत तीस वर्षांहून जास्त काढली, त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. बँक किती देते, यावर किती घ्यायचं ते ठरवू नका. बँक घराकडे बघून देते आणि हप्ता लेकीच्या पगारातून जातो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

एक जुना प्रसंग सांगतो. आमच्या शाखेत एक गृहस्थ यायचे, सकाळी पोहे-जलेबीचा ठेला लावायचे. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी त्यांनी ६ लाखांचं कर्ज घेतलं होतं, वर्षाला दीड लाख असं चार वर्षांत उचललेलं, व्याज ११ टक्के. मुलगा पास झाला, वरचं सवलतीचं एक वर्ष संपलं आणि हप्ता सुरू व्हायच्या वेळी हे खात्याचा उतारा घेऊन माझ्यासमोर बसले. उताऱ्यावर ८ लाख ३१ हजार. "साहेब, आम्ही तर सहाच लाख उचलले. वरचे सव्वादोन लाख कोणी नेले?" कोणीच नेले नव्हते. पाच वर्षं व्याज मुकाट्याने चढत होतं. मी करारातला परिच्छेद दाखवला, खाली त्यांची सही होती. ते म्हणाले, पहिल्या वर्षी व्याज महिन्याला किती होतं? मी हिशेब केला, १,३७५ रुपये. "एवढे तर मी रोजच्या गल्ल्यातून काढून भरले असते हो. कोणी सांगितलं नाही." कर्ज मंजूर करताना मी त्या शाखेत नव्हतो, पण त्या दिवशी मान खाली गेली ती गेलीच. तेव्हापासून शिक्षणकर्जाबद्दल कोणी विचारलं की मी सुरुवात व्याजापासूनच करतो.

तर व्याज. शिक्षणकर्जात अभ्यासक्रमाची वर्षं आणि त्यावर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. याला बँकेत मोरेटोरियम म्हणतात आणि लोक त्याला सूट समजतात. सूट हप्त्याला आहे, व्याजाला नाही. सरकारी बँकांत त्या काळात सरळव्याज लागतं आणि हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवतात. तुमच्या १५ लाखांचं बघा. वर्षाला ३ लाख ७५ हजार उचललेत आणि दर १० टक्के धरला, तर पाच वर्षांत व्याज होतं ५ लाख २५ हजार. हप्ता सुरू होईल तो २० लाख २५ हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण २६,७०० रुपये. पंधरा वर्षं ताणली तरी २१,७००, आणि तोवर लेक सदतीस-अडतीसची झालेली असेल.

आता हेच उलट बाजूने मोजा. लेकीचा पहिला पगार हातात ३० हजार धरा. जास्त मिळाला तर देवाची कृपा, पण कॉलेजच्या माहितीपत्रातलं सगळ्यात मोठं पॅकेज धरून कर्ज काढू नका, ते एका मुलाला मिळालेलं असतं आणि फोटो चार वर्षं तोच छापतात. दुसऱ्या शहरात खोलीचं भाडं, डबा, येणं-जाणं वजा करून ३० हजारांतले ७ हजार हप्त्याला निघतील. दहा वर्षांच्या मुदतीत १० टक्क्यांनी ७ हजारांचा हप्ता सव्वापाच लाखांच्या आसपासचं कर्ज पेलतो. तेही शिकत असताना व्याज दरमहा भरत गेलात तर. नाही भरलंत तर ४ लाखांच्या आतच थांबावं लागेल. १५ लाख आणि ५ लाख, एवढी तफावत आहे.

म्हणजे पुणं सोडाच असं मी म्हणतोय का? थांबा. आधी, कर्ज नसलेला पैसा कुठून येतो ते बघू. इथेच बहुतेक घरांत उशीर होतो.

मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून चालू आहे. राज्याचे मूल निवासी, एमपी बोर्डाला ७० टक्के किंवा सीबीएसईला ८५, इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत, आणि पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा. तुमची लेक या सगळ्यात बसते. सरकारी कॉलेजात मेस आणि कॉशन मनी, म्हणजे अनामत रक्कम, सोडून फी सरकार भरतं. खाजगी कॉलेजात प्रवेश घेतला तर दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यांतलं जे कमी असेल ते वर्षाला मिळतं. हे दुसरं वाक्य परत वाचा, ताई. तुम्ही पुण्याचं कॉम्प्युटर आणि इंदूरचं इलेक्ट्रिकल असे दोनच पर्याय मांडलेत. इंदूरच्या चांगल्या खाजगी कॉलेजातलं कॉम्प्युटर हा तिसरा पर्याय तुमच्या पत्रात नाहीच, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच तपासायला हवा. घरचा डबा, घरची खोली, फीचा मोठा भाग योजनेतून. उरतो तो लॅपटॉप, पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च, आणि तुमच्या महिन्याच्या १० हजारांत तो भागतो. कर्जच नको.

एक सावधगिरी मात्र घ्या. योजनेचा पैसा कॉलेजच्या फीच्या तारखेला येऊन उभा राहतो असं नाही. कॉलेज पहिली फी आधी मागतं, सरकारचं मागाहून येतं. तेवढ्यासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. एफडीच्या दरापेक्षा सहसा एखादा टक्का जास्त व्याज लागतं, पैसे आले की फेडून टाकायचं. आणि योजनेचा अर्ज दर वर्षी नव्याने पुढे सरकवावा लागतो, हे लेकीच्या मोबाइलमध्ये आताच टाकून ठेवा.

दुसरं, राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाच्या काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे प्रवेशफेऱ्यांत, ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे शिकवण्याची फी माफ असलेल्या जागा असतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाने मंजूर जागांच्या वर ५ टक्के, उत्पन्न ८ लाखांच्या आतल्या घरांसाठी. ही शिष्यवृत्ती नाही, जागाच वेगळी असते, त्यामुळे चॉइस फिलिंगमध्ये, म्हणजे पसंतीची कॉलेजं भरताना, ती निवडावी लागते. पोरं सायबर कॅफेत बसून घाईघाईत चॉइस भरतात आणि हा रकाना तसाच राहतो. नंतर कॉलेजच्या खिडकीवर कितीही विनवण्या केल्या तरी काही होत नाही.

मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार, घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न ८ लाखांच्या आत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. मात्र एकाच फीसाठी दोन सरकारी खिशांत हात घालता येत नाही, तेव्हा मेधावी योजना मिळत असेल तर कोणती मोठी पडते ते बघून एकच धरा. वर्षाला १२ हजारांची केंद्रीय शिष्यवृत्तीही आहे, पण तिला उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख, तुम्ही थोडक्यात बाहेर.

यासाठी लागणारे कागद आता, याच आठवड्यात काढा. आय प्रमाणपत्र (उत्पन्नाचा दाखला), मूल निवासी (रहिवासी दाखला), समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार, लेकीचं बँक खातं. सगळ्यांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. दहावीच्या मार्कशीटवर मुलीचं नाव, वडलांचं नाव, आडनाव असं तिपेडी, आधारवर नुसतं नाव-आडनाव, समग्रमध्ये आडनावाचं हिंदी स्पेलिंग तिसरंच. कॉम्प्युटरला तीन वेगळ्या मुली दिसतात. जुलैत लोक सेवा केंद्राची रांग बघितलीत तर मी घाई का करतोय ते कळेल. आणि आय प्रमाणपत्रात रिटर्नइतकंच उत्पन्न लिहा. साडेचारच्या आत आणून देतो म्हणणारे एजंट भेटतील. बँकेत रिटर्न आणि प्रमाणपत्र एकाच फाईलीत शेजारी शेजारी लागतात.

आता समजा, सगळं बघून तुम्ही पुणंच ठरवलंत. लेकीची फार इच्छा असेल, संस्था खरोखर तोलामोलाची असेल, तर तसंही होऊ शकतं. मग आधी एक गोष्ट तपासा. ती संस्था पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शिक्षणकर्ज योजनेच्या यादीत आहे का? ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. सुरुवातीला ८६० संस्था होत्या, यादी दर वर्षी नव्याने होते. यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही नकोत. म्हणजे घराचा विषयच संपला. वर, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. तीही सगळ्यांना नाही, वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांना. १० लाख चार सारख्या भागांत उचलले तर ती सवलत मिळून १ लाख ५ हजारांच्या आसपास भरते. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेवर, प्रवेश असेल तर यातलं काहीच नाही. तुमच्या पत्रात "जागा मिळतेय" असं आहे, कोणत्या कोट्यातून ते नाही. प्रवेशपत्रावर ते वाचा, फोनवर बोलणाऱ्या काउन्सेलरवर विसंबू नका.

यादीत नसेल तर नेहमीचं शिक्षणकर्ज. ४ लाखांपर्यंत ना तारण, ना स्वतःचा वाटा. ४ ते साडेसात लाखांत ५ टक्के वाटा तुमचा, तारण तरीही नाही, कारण त्या कर्जाला सरकारी हमी निधीचं पाठबळ असतं. साडेसातच्या वर गेलात की तारण. मी सांगेन, साडेसातला थांबा. मिळालेली शिष्यवृत्ती तुमच्या वाट्यात धरतात, आणि तो वाटाही एकदम नाही, वर्षागणिक द्यायचा.

मग २० लाख कसे उभे राहतात? एफडीतले २ लाख आजारपणासाठी हलवायचे नाहीत, उरले ४. सुकन्या खात्यातून मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते, ते २. कर्ज साडेसात. महिन्याच्या १० हजारांचे चार वर्षांत ४ लाख ८० हजार. बेरीज १८ लाख ३० हजार. आणि त्या १० हजारांतूनच कर्जाचं व्याजही भरायचंय, पहिल्या वर्षी महिन्याला दीड हजार, चौथ्या वर्षी सव्वासहा हजार. म्हणजे खड्डा पावणेदोन लाखांचा नाही, साडेतीनच्या घरात जातो. वर साडेसात लाखांचा हप्ता दहा वर्षांच्या मुदतीत ९,९०० येतो, म्हणजे मघाच्या सात हजारांच्याही पुढे. दुकानाचं एक वर्ष मंद गेलं तर काय, याला या हिशेबात जागाच नाही. मला हे जुळत नाही, ताई. तुम्हाला कुठे आणखी एक-दोन वाटा दिसत असतील तर कागदावर मांडून बघा, पण "होईल काहीतरी" हा रकाना ठेवू नका.

घराबद्दल. सासऱ्यांच्या नावावरचं घर तारण ठेवायचं तर सासऱ्यांना बँकेत येऊन सही करावी लागेल. वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, रजिस्ट्रीचे जुने कागद, त्यांचा खर्च तुमच्याच माथी. दीर-नणंदा असतील तर आज हसून हो म्हणतील, आणि उद्या सासऱ्यांच्या माघारी नामांतरणाच्या वेळी तेच घर बँकेत अडकलेलं असेल. शिक्षणकर्जापायी भाऊ भावाशी बोलेनासा झाला, असं मी एकदा नाही, तीनदा पाहिलं. तारण द्यायचीच वेळ आली तर एलआयसीची पॉलिसी, पोस्टाची एनएससी प्रमाणपत्रं, एफडी हे आधी विचारा, बँकेला चालतं.

आणखी काही वाटा लोक सुचवतील. सोनं ठेवून कर्ज, एखाद्या सत्राची अडचण असेल तर ठीक आहे, चार वर्षांच्या फीसाठी नाही, कारण ते बहुधा वर्षभरात सोडवावं लागतं. ओळखीच्या पतपेढीचं कर्ज पटकन होतं, पण हप्ता पुढच्या महिन्यापासून, आणि प्राप्तिकरातली शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट त्यावर नाही. कॉलेजच्याच टेबलावर कोणी "बिनव्याजी हप्ते" घेऊन बसला असेल, तर ते बापाच्या नावावरचं साधं वैयक्तिक कर्ज असतं. खाजगी वित्तसंस्था घाईत असणाऱ्यांना लवकर देतात. त्यांना दोनच प्रश्न विचारा. शिकत असताना सरळव्याज की चक्रवाढ? प्रोसेसिंग फी किती?

वजावटीवरून आठवलं. भरलेल्या व्याजावर पूर्ण वजावट मिळते, रकमेला मर्यादा नाही, पण फक्त जुन्या करपद्धतीत आणि व्याज भरायला लागल्यापासून आठच वर्षं. पहिल्या वर्षापासून व्याज भरलंत तर ती आठ वर्षं तेव्हापासूनच मोजली जातात. तुमच्या उत्पन्नात याने फार फरक पडत नाही, म्हणून यावर डोकं शिणवू नका. व्याज भरत राहणंच फायद्याचं.

अर्जाचं सांगतो. पीएम विद्यालक्ष्मीचा अर्ज तिच्याच पोर्टलवर करायचा. साध्या कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टल आहे, तिथे एकच अर्ज तीन बँकांना जातो. पोर्टलवर भरून घरी बसू नका, दोन दिवसांनी प्रिंट घेऊन शाखेत जा. जिथे तुमचं दुकानाचं खातं आहे ती बँक यादीत ठेवा. यजमान सहकर्जदार असतील, त्यांचा सिबिल, म्हणजे जुनी कर्जं कशी फेडली याचा स्कोअर, आधी बघून घ्या. क्रेडिट कार्डाची पाचशे रुपयांची विसरलेली थकबाकी इथे आडवी येते. मुलींना बऱ्याच सरकारी बँका अर्धा टक्का कमी लावतात, पण मागितल्याशिवाय कोणी आठवण करत नाही, तेव्हा मागा. कर्जासोबत विमा देतील. विमा वाईट नाही, पण प्रीमियम कर्जातच मिळवला की त्यावरही व्याज चढतं, म्हणून तो वेगळा भरा.

शाखेत "आमच्या एरियात येत नाही" म्हणाले, तर त्या कारणाने शिक्षणकर्ज नाकारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेलं आहे. अर्ज नाकारायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. "लेखी द्या, साहेब" एवढंच शांतपणे म्हणायचं. आमच्याकडे हे तीन शब्द ऐकले की फाईल परत उघडायची, खोटं कशाला सांगू. तरीही हाललं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन, फुकट.

मंजुरी झाली की पैसा एकदम मिळत नाही. सत्रागणिक कॉलेजच्या खात्यात जातो. दर वेळी मागच्या सत्राची मार्कशीट आणि कॉलेजचं फीचं मागणीपत्र द्यावं लागतं. फीच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी चार वाजता येणारे वडील मी शेकड्याने पाहिलेत. तीन आठवडे आधी जा. अधिकारी बदलतात, तेव्हा फाईलीची एक झेरॉक्स घरीही ठेवा. नोकरी लागल्यावर हाती जास्तीचे पैसे आले तर भरून टाका, बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नाही.

पुण्याची जागा धरायला पहिली रक्कम भरायची तारीख जवळ आली असेल, म्हणून शेवटचं. विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) आणि एआयसीटीई दर वर्षी प्रवेश रद्द करण्याची तारीख जाहीर करतात. तिच्या आत रद्द केलंत तर फार तर १ हजार रुपये कापून बाकी परत द्यावे लागतात, आणि मूळ कागद कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. तेव्हा राज्याचं काउन्सेलिंग चालू असताना पुण्याची जागा हातात ठेवायची असेल तर ठेवा, पावती जपा, आणि ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने करून ठेवा. बँकेला घराबद्दल तूर्त काही कळवू नका. सासऱ्यांनाही विचारू नका, ते नातीसाठी लगेच हो म्हणतील.